पाणपोईवरची बारीक धार

उन्हातून आलेला एक वाटसरू पाणपोईवर थांबतो. पाणी पाजणारी तरुण मुलगी वरून धार धरते, तो ओंजळ तोंडाशी नेतो. ओंजळीची बोटं मात्र त्यानं थोडी फाकवून ठेवली आहेत. पाणी गळून जावं, तहान लवकर भागू नये आणि तेवढा वेळ वर, तिच्या चेहऱ्याकडे बघत राहता यावं म्हणून. ते तिच्या लक्षात येतं. ती काही बोलत नाही, पण आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते.

दोन ओळींची ही गाथा ‘गाथासप्तशती’तली आहे. सातवाहन कुळातल्या हालाच्या नावावर असलेला हा सुमारे सातशे गाथांचा संग्रह महाराष्ट्री प्राकृतात आहे, म्हणजे मराठीच्या पूर्वजभाषेत. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आजचं पैठण. स. आ. जोगळेकरांनी हा ग्रंथ भरघोस टिपांसह मराठीत आणला, आणि कथा लिहू पाहणाऱ्या प्रत्येकानं तो एकदा तरी चाळावा असं मला मनापासून वाटतं. या गाथेत प्रेम, ओढ, मोह असा एकही शब्द नाही. कुणाचं काळीज धडधडत नाही. मुलीचे डोळे कसे आहेत हेसुद्धा कवीनं सांगितलेलं नाही. तरी दोघांच्या मनात काय चाललं आहे याबद्दल वाचणाऱ्याला तीळमात्र शंका राहत नाही.

हे कसं साधतं? पाणी पिणं हे घटकाभरात संपणारं काम. ते संपायला हवं तेव्हा संपत नाही, आणि त्या लांबण्यात दोघांचाही हात आहे. कथेतल्या पहिल्या आकर्षणाचं मर्म मला इथं दिसतं. ओढ दाखवायची असेल तर एखादं साधं काम हातात घ्यावं आणि ते गरजेपेक्षा लांबू द्यावं. वाचक त्या जादा वेळाचं कारण शोधू लागतो, आणि ते त्याला आपोआप सापडतं.

नवोदितांच्या कथांत पहिल्या भेटीचा प्रसंग आला की लेखणी बहुधा उलट्या दिशेनं जाते. ‘तिला पाहताच त्याच्या काळजाचा ठोका चुकला’, ‘नजरानजर झाली आणि काळ थांबला’, ‘त्याच्या मनात एक अनामिक हुरहुर दाटून आली’. ही वाक्यं खोटी नसतात. लिहिणाऱ्यानं ते अनुभवलेलंही असतं. पण ती वाचून वाचकाला एवढीच माहिती मिळते की पात्राला काहीतरी झालं. वाचकाला स्वतःला काही होत नाही.

आपल्याकडच्या काव्यशास्त्रानं हा दोष फार पूर्वी नेमका हेरला होता. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनानं ‘ध्वन्यालोक’ लिहिला. त्यात त्यानं मांडलं की रसाचं नुसतं नाव घेतल्यानं रस उपजत नाही. ‘शृंगार’ हा शब्द शंभरदा उच्चारला तरी ऐकणाऱ्याच्या मनात शृंगार जागा होणार नाही. त्यासाठी प्रसंग, माणसं आणि त्यांच्या हालचालीच समोर याव्या लागतात. जे सुचवायचं ते सांगायचं नाही, हा त्याच्या विचाराचा गाभा. आणि हे पटवण्यासाठी त्यानं सुरुवातीलाच घेतलेलं उदाहरण ‘गाथासप्तशती’तलं आहे. गोदाकाठच्या झाडीत प्रियकराला गुपचूप भेटणारी एक स्त्री तिथं फुलं वेचायला येणाऱ्या धार्मिक गृहस्थाला सांगते, आता खुशाल फिरा, तुम्हाला त्रास देणारं ते कुत्रं सिंहानं मारलं. शब्दांत आमंत्रण आहे, अर्थात मनाई. पुढे अकराव्या शतकात मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त रसदोषांची यादी केली तेव्हा भावाला त्याच्या नावानं हाक मारणं हा दोष त्यात घातला.

चेखॉव्ह या साऱ्यापासून किती दूर! तरी 1886 साली आपल्या भावाला, अलेक्झांडरला, लिहिलेल्या पत्रात तोही याच ठिकाणी पोचतो. पात्राच्या मनःस्थितीचं वर्णन टाळलेलंच बरं, ती त्याच्या कृतीतून कळावी, असा सल्ला त्यानं दिला आहे. स्वतः त्यानं तो पाळलाही. 1899 सालच्या ‘कुत्रेवाली बाई’ या कथेत याल्टाच्या बागेत गुरोव आणि आन्ना यांची ओळख होते ती तिच्या छोट्या कुत्र्यामुळे. तो कुत्र्याला जवळ बोलावतो, ते आल्यावर त्याला बोट दाखवून दटावतो, कुत्रं गुरगुरतं. ती म्हणते, चावत नाही तो, आणि लाजते. तो विचारतो, याला हाड दिलं तर चालेल का? दोघं बोलतात ते कुत्र्याविषयी. कुत्रं मध्ये आहे म्हणून परक्या बाईशी बोलायची सोय झाली आहे.

आता कुणी म्हणेल, भावनेचं नाव घ्यायचं नाही तर निदान शरीराच्या खुणा तरी दाखवाव्यात. घाम, कंप, आवाज घोगरा होणं. हा सल्ला लेखनकार्यशाळांत सर्रास दिला जातो आणि तो अर्धाच खरा आहे. भरतानं ‘नाट्यशास्त्रा’त अशा आठ खुणा सांगितल्या आहेत, त्यांना सात्त्विक भाव म्हणतात: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. खिळून जाणं, घाम फुटणं, काटा येणं, आवाज बदलणं, थरथरणं, चेहऱ्याचा रंग उडणं, डोळ्यांत पाणी आणि शुद्ध हरपणं. पण हे आठ भाव एकट्या शृंगाराचे आहेत असं भरत म्हणत नाही. घामाची कारणं देताना तो राग, भीती, आनंद, लाज, दुःख, श्रम, आजार अशी रांगच लावतो. खूण एक, कारणं अनेक. म्हणून त्याच्या रससूत्रात खुणेच्या आधी कारण येतं: विभाव, म्हणजे कोण, कुठे, कशापायी. मग अनुभाव, म्हणजे त्याचा दिसणारा परिणाम. आणि मध्येच येऊन जाणारे व्यभिचारी भाव, शंका, चिंता, लाज, उत्सुकता असे एकूण 33. नवा लेखक मधलाच अनुभाव उचलतो आणि विभाव मोकळा सोडतो. मग त्याच्या नायकाला घाम प्रेमानं फुटला की तापानं, हे कळायला मार्ग राहत नाही.

खुद्द त्या माणसालाही ते नेहमी कळतं असं नाही. 1974 साली डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या कॅपिलानो झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. पूल अरुंद, लोंबकळता, खाली सुमारे 70 मीटरवर नदी. पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना एक तरुणी गाठायची, एक छोटी प्रश्नावली भरून घ्यायची आणि अधिक माहिती हवी असल्यास म्हणून आपला फोन नंबर द्यायची. तेच तिनं वरच्या अंगाला असलेल्या एका कमी उंचीच्या, भक्कम पुलावरही केलं. झुलत्या पुलावर नंबर घेणाऱ्या 18 जणांपैकी 9 जणांनी नंतर फोन केला. भक्कम पुलावरच्या 16 जणांपैकी 2 जणांनी. प्रश्नावली घेणारा पुरुष असला की असा फरक पडत नव्हता. डटन आणि ॲरन यांनी याचा अर्थ असा लावला की भीतीनं वाढलेली धडधड माणूस समोरच्या व्यक्तीच्या खात्यावर जमा करतो. या अर्थावर पुढे मानसशास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाले. कथाकाराला मात्र तो वाद मिटेपर्यंत थांबायची गरज नाही, कारण त्याच्या धंद्यातल्या एका माणसानं हा पूल कधीच ओलांडला होता.

कालिदासाची तीन नाटकं आपल्यापर्यंत आली आहेत आणि तिन्हींत पहिल्या आकर्षणाचा प्रसंग आहे. ‘मालविकाग्निमित्रा’त राजा मालविकेला आधी चित्रात पाहतो आणि प्रत्यक्ष भेटीसाठी नृत्यगुरूंची स्पर्धा घडवून आणावी लागते. ‘विक्रमोर्वशीया’त केशी दैत्यानं पळवलेल्या उर्वशीला पुरूरवा सोडवून आणतो. ती भीतीतून नुकती सावरते आहे, रथ उंचसखल जमिनीवर उतरताना हेलकावतो, दोघांचे खांदे एकमेकांना लागतात. ‘शाकुंतला’त भुंगा आहे. शकुंतला झाडांना पाणी घालत असते, मोगऱ्याच्या जातीच्या वेलीवरून उठलेला भुंगा तिच्या तोंडाशी घोंघावतो, ती घाबरते, मैत्रिणी थट्टेनं म्हणतात की रक्षण करणं राजाचं काम, त्यालाच हाक मार. झाडाआड लपलेल्या दुष्यंताला पुढे यायला याहून चांगली संधी कुठली? भीती, धावपळ, चढलेला श्वास हे सगळं आधीच तिथं आहे. प्रेमासाठी वेगळी धडधड आणावी लागत नाही.

पण माझा जीव अडकतो तो या प्रसंगांच्या शेवटावर. निघायची वेळ होते. शकुंतला मैत्रिणींसोबत चालू लागते आणि चार पावलांवर थांबते: पायात दर्भाचा अंकुर टोचला, वल्कल कोरांटीच्या फांदीला अडकलं, जरा थांबा. तिकडे उर्वशी आकाशात निघताना थांबते: माझी एकावळी वेलीच्या फांदीला अडकली, चित्रलेखे, सोडव बघू. दोन वेगळ्या नाटकांत, दोन वेगळ्या नायिकांसाठी कालिदास तीच युक्ती वापरतो. काटा आणि फांदी या सबबी आहेत, हे प्रेक्षकाला कळतं, मैत्रिणींनाही कळतं. दुसऱ्या अंकात दुष्यंत विदूषकाला ही हकीगत सांगतो तेव्हा मुद्दाम सांगतो की वल्कल फांदीला अडकलेलं नसतानाही ती ते सोडवत उभी राहिली. पाणपोईवरच्या मुलीनं धार बारीक केली, शकुंतलेनं पाऊल थांबवलं. काम लांबवलं आणि लांबवण्याला एक सभ्य कारण दिलं.

त्यात आणखी एक मोठी गोष्ट साधते. झाडाआडून चोरून बघणारा दुष्यंत आज वाचताना थोडा खटकतो, आणि खटकावा. कुणीतरी बघतो आहे आणि दुसरी नुसती देखणी वस्तू होऊन उभी आहे, अशी रचना आपल्या कथांनी आणि त्याहून जास्त सिनेमांनी इतकी वापरली आहे की मुलीचा पाठलाग म्हणजे प्रेम असं कित्येकांच्या डोक्यात बसलं. कालिदास तिथं थांबत नाही. काट्याची सबब शकुंतलेची आहे, तिनं ती स्वतः रचली आहे. गाथेत तर धार तिच्याच हातात आहे. ती जाड करून वाटसरूला दोन घोटांत वाटेला लावणं तिला सहज शक्य होतं. दुसऱ्या बाजूची एक छोटी, स्वतःहून केलेली कृती जोवर पानावर येत नाही तोवर तो प्रसंग आकर्षणाचा झालेला नसतो, तो टक लावून पाहण्याचा असतो.

आता हे आपल्या रोजच्या जागेत आणून बघू. पिठाची गिरणी घेऊ. दत्ता गिरणी चालवतो, वैशाली नर्सिंगचा कोर्स करते आणि घरचं दळण आणते. पहिला खर्डा बहुतेक असा निघेल: ‘वैशाली गिरणीत शिरली आणि दत्ता भान हरपून तिच्याकडे पाहत राहिला. तिच्या टपोऱ्या डोळ्यांत त्याला आपलं सगळं आयुष्य दिसलं.’ यात गिरणी नसती तरी चाललं असतं. बसस्टॉप, कॉलेज, लग्नाचा मांडव, कुठेही हीच दोन वाक्यं बसली असती. म्हणून पुन्हा लिहू.

संध्याकाळचे साडेसहा. गिरणीत डब्यांची रांग. वैशालीनं ज्वारीचा डबा दोघींच्या मागे तिसऱ्या नंबरला ठेवला.

‘जाड की बारीक?’ दत्तानं विचारलं. घराघराचं दळण त्याला पाठ होतं, तो हे कुणाला विचारत नसे.

‘नेहमीसारखंच.’

दुसरा डबा उतरल्यावर त्यानं चौथा उचलला. मग पाचवा. पाचव्या डब्याच्या मावशींनी एकदा वैशालीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

‘हिचा नंबर होता ना रे?’

‘गव्हावर गहू घेतोय मावशी. ज्वारी शेवटी.’

वैशाली भिंतीशी उभी राहिली. घरी तवा चढायचा होता. तिनं मोबाइल काढला, किती वाजले ते पाहिलं आणि परत पर्समध्ये टाकला. शेवटी ज्वारी आली. पडत्या पिठाची चिमूट घेऊन त्यानं बोटावर अंगठ्यानं चोळून पाहिली. ती बघत होती, म्हणून पुन्हा एकदा पाहिली. पट्टा थांबला.

‘ज्वारीचा डबा कुणाचा?’

गिरणीत आता दोघंच होती.

‘माझा,’ ती म्हणाली.

चार दिवसांनी ती परत आली. डबा अर्धाच भरलेला होता.

हा नमुना काही थोर नाही, पण त्यात काय कामाला लागलं ते बघण्यासारखं आहे. दत्ताची सबब खरी आहे. एकाच धान्याची दळणं सलग घेणं हा गिरणीतला रिवाज, त्यामुळे मावशींना पुढे बोलता येत नाही. सबब धडधडीत खोटी असती तर प्रसंग थिल्लर झाला असता. गिरणीवाला सगळ्या बायकांना ताई, मावशी, काकू म्हणतो. त्यानं वैशालीला ताई म्हटलेलं नाही आणि नावानंही हाक मारलेली नाही. जवळ येण्यासाठी नातं वगळावं लागतं आणि नाव घ्यायचा हक्क अजून मिळालेला नाही, म्हणून तो डब्याचं नाव घेतो. वैशालीचं उत्तर दोन ठिकाणी आहे. घाई असून ती ‘मला घाई आहे’ म्हणत नाही. आणि पुढच्या वेळी अर्धाच डबा आणते, म्हणजे पुन्हा लवकर यावं लागेल. मावशी तिथं आहेत त्या विनोदासाठी नाहीत. या दोघांच्या मनातलं त्यांच्या आधी तिसऱ्याच्या लक्षात आलं की वाचकाची खात्री पटते, शिवाय गाव बघतं आहे ही भीतीही आपसूक आत येते.

फ्लोबेरनं 1857 सालच्या ‘मादाम बोव्हारी’त हेच किती निगुतीनं केलं आहे. शार्ल हा डॉक्टर, एमाच्या वडिलांचा मोडलेला पाय बांधायला त्यांच्या शेतावरच्या घरी येतो. पट्ट्यांसाठी गाद्या शिवताना एमा बोटांना सुई टोचून घेते आणि बोट तोंडात घालते. निघताना त्याचा चाबूक गव्हाच्या पोत्यांमागे पडतो, दोघंही घ्यायला वाकतात, त्याच्या छातीला तिची पाठ निसटती लागते. ती लाल होते आणि चाबूक त्याच्या हातात देते. यानंतर शार्लला काय वाटलं याचं लांबण लावण्याऐवजी फ्लोबेर एक हिशेब देतो: तीन दिवसांनी यायचं ठरलेला डॉक्टर दुसऱ्याच दिवशी हजर झाला, मग आठवड्यातून दोनदा नेमानं येऊ लागला. मोडलेल्या पायाला एवढ्या भेटींची गरज नव्हती.

तिसऱ्याच्या नजरेतून आकर्षण दाखवण्यात टॉल्स्टॉयचा हात धरणारा कुणी नाही. ‘अॅना कॅरेनिना’त व्रोन्स्की आणि अॅना मॉस्कोच्या स्टेशनवर डब्याच्या दारात एकमेकांना पहिल्यांदा पाहतात. पण त्यांच्यात काय पेटलं आहे ते खरं कळतं नाचाच्या समारंभात, आणि कळतं ते किटीला, जी स्वतः व्रोन्स्कीकडून मागणीची वाट बघत आहे. अॅनाच्या चेहऱ्यावरचं तेज किटी ओळखते, कारण ते तिनं स्वतःत अनुभवलेलं आहे. प्रसंग दोघांच्या आनंदाचा आणि वाचक तिसरीच्या काळजातून तो बघतो. पुढे अॅना पीटर्सबर्गला परतते, नवरा घ्यायला आलेला असतो, आणि तिला त्याचे कान खटकतात. इतकी वर्षं ते कान तिथंच होते. प्रेमात पडल्याचा इतका अचूक पुरावा मी दुसरीकडे वाचलेला नाही, आणि त्यात प्रियकराचा उल्लेखही नाही.

याच कादंबरीत लांबवण्याच्या युक्तीची दुसरी, काळीज कुरतडणारी बाजूही आहे. कोझ्निशेव्ह आणि व्हारेन्का हे दोन प्रौढ, समंजस जीव मुलांबरोबर रानात अळंबी गोळा करायला जातात. तिथंच तो मागणी घालायचं ठरवतो, तिला ते जाणवतं. दोघं एकटी पडतात. शब्द ओठांवर असताना ती, मनात नसताना, अळंबीविषयी काहीतरी बोलून जाते. तोही मग अळंबीच्या दोन जातींत फरक काय असं विचारतो. ती थरथरत्या ओठांनी उत्तर देते, आणि दोघांनाही कळतं की संपलं. जी वस्तू बोलायला मदत करते तीच बोलणं गिळूनही टाकते. चेखॉव्हच्या कुत्र्यानं जे जमवलं ते इथं अळंबीनं मोडलं.

विश्वनाथानं चौदाव्या शतकात ‘साहित्यदर्पणा’त केलेलं एक वर्गीकरण मला या संदर्भात फार मोलाचं वाटतं. शृंगाराचे दोन भाग: संभोग आणि विप्रलंभ, म्हणजे मिलन आणि विरह. प्रत्यक्ष मिलनाआधीची ओढ, जिला पूर्वराग म्हणतात, ती त्यानं विरहात घातली आहे. पहिल्यांदा पाहणं हे आपण सुरुवात समजतो. तो त्याला ताटातूट समजतो, कारण हवंसं वाटू लागल्याच्या क्षणापासून ते माणूस आपल्याजवळ नाही हे जाणवू लागतं. पूर्वराग पाहून होतो तसाच ऐकूनही होतो असं तो सांगतो. पाहणं चित्रात, स्वप्नात, इंद्रजालातही घडू शकतं. दमयंतीनं नळाविषयी हंसाकडून ऐकलं, एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तली रुक्मिणी कृष्णाला न पाहताच, त्याचं गुणवर्णन ऐकून त्याला वरते. अंतर जितकं पक्कं तितकी ओढ ठळक. म्हणून प्रसंग लिहायला बसताना ‘ही दोघं एकमेकांना का आवडली’ यापेक्षा ‘यांना एकमेकांजवळ जायला काय आड येतं’ हा प्रश्न आधी सोडवलेला बरा.

मराठी कादंबरीला हे अंतर प्रत्येक काळात निराळ्या जागी सापडलं. हरी नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’चा काळ बालविवाहाचा. तिथं नवराबायकोची ओढ लग्नानंतर फुलते, आणि अडसर असतो भरलेल्या घराचा, वडीलधाऱ्यांसमोर एकमेकांशी बोलण्याचीही चोरी असण्याचा. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये, 1939 साली, अडसर साऱ्या जगाचा आहे. युरोपातून परतणाऱ्या बोटीवर चक्रधर आणि जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू तरुणी हॅर्टा भेटतात. बोट मुंबईला लागली की तो उतरणार. तिला आपलं म्हणून उतरायला देश नाही. बोटीवरचा प्रत्येक दिवस मोजून मिळालेला आहे. इथं लेखकाला काही लांबवावं लागत नाही, वेळच अपुरा आहे.

आणि नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ या चित्रपटातला जब्या. वर्गातल्या शालूशी तो धड बोलतही नाही. तिला वश करण्यासाठी काळी चिमणी पकडायची, एवढं एक खूळ त्याला लागलेलं आहे, आणि ती चिमणी हाती लागत नाही. गावात डुकरं पकडण्याचं काम त्याच्या घराच्या माथी जातीनं मारलेलं. इतर प्रेमकथांतला नायक दिसावं म्हणून धडपडतो. जब्या दिसू नये म्हणून लपतो, कारण डुकरामागे धावताना शालूनं बघणं त्याला सोसवणार नाही. कुणाला कुणाकडे बघायची मुभा आहे हे आपल्या समाजात आधीच ठरलेलं असतं. ते विसरून लिहिलेली पहिली नजर हवेतच तरंगते.

संवादांबाबत थोडंच सांगण्यासारखं आहे. आकर्षण वाटणारी माणसं सहसा त्याविषयी बोलत नाहीत, हातातल्या कामाविषयी बोलतात. मराठीत त्यांच्या मदतीला संबोधनं येतात. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येताना एखादा दिवस असा येतो की दोघंही कर्ताच गाळून बोलतात: ‘चहा घ्यायचा का?’, ‘निघायचं?’ हा दिवस कथाकारानं वाया घालवू नये. फोनवरच्या प्रेमातही अडसर शिल्लक आहेत. ‘टायपिंग’ असं उमटतं, पुसलं जातं, पुन्हा उमटतं आणि शेवटी येतो तो नुसता ‘ओके’. त्या मधल्या मिनिटात काय लिहून खोडलं गेलं, याची कल्पना वाचक करतो.

प्रसंग कुठे तोडायचा हा शेवटचा प्रश्न, आणि बहुतेक चांगले प्रसंग इथंच बिघडतात. सगळं जुळून आलं की लेखकाला राहवत नाही. तो पात्राला अंथरुणावर पाडतो, छताकडे बघायला लावतो आणि ‘हे काय होतंय आपल्याला?’ असा प्रश्न विचारायला लावतो. धार बारीक करून मिळवलेलं सगळं त्या एका वाक्यात सांडतं. प्रसंग बाहेरून तोडावा. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात रथाला बिचकलेला रानहत्ती तपोवनात घुसतो, आरडाओरडा होतो आणि मुलींना पर्णकुटीकडे पळावं लागतं, दर्भाची आणि वल्कलाची सबब निघते ती या गडबडीतच. मॉस्कोच्या स्टेशनवर अॅना आणि व्रोन्स्की यांची ओळख होते न होते तोच एक पहारेकरी गाडीखाली सापडतो, आणि व्रोन्स्की त्याच्या विधवेसाठी दोनशे रूबल देऊन येतो. हत्तीला आणि त्या गाडीला या दोघांच्या मनाशी काही देणंघेणं नाही. गिरणीत मावशींच्या पाचव्या डब्यालाच लाइट गेली असती, तर सगळ्याजणी डबे तिथंच ठेवून घरी गेल्या असत्या आणि वैशालीला ज्वारी घ्यायला सकाळी परत यावं लागलं असतं.